हजारात सात

उच्च न्यायालयाचा निरोप आला तेव्हा गजराक्का पिठाच्या गिरणीत रांगेला उभी होती आणि तिचा चष्मा घरी चुलीपाशी राहिला होता. त्यामुळं तिनं फोन गिरणीवाल्या बाबूच्या हातात दिला. आता हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे, पण केलं खरं. बाबूनं हातावरचं पीठ झटकलं, फोन लांब धरला आणि मोटरच्या घरघरीवर आवाज चढवून अख्ख्या गिरणीला वाचून दाखवलं.

"दुसरं अपील दाखल करून घेण्यास नकार. हजारात सात."

"सात?" मागची बाई म्हणाली. "मग बरं की हो आक्का. आमच्या ह्यांना दोनच पडलं होतं."

पांढरमाळात तोवर हे असंच झालं होतं. माणसाचं नाव विचारावं तसा त्याचा आकडा विचारायचे. भिकू जगतापाला शून्य आलं, तेव्हापासून तो चावडीवरनं जायचं सोडून मागल्या ओढ्यानं जातो. मारुती सुताराला एकोणीस पडले, म्हणजे एकानं हुकलं, आणि त्याची बायको सांगते की तो जेवता जेवता मधेच हात थांबवून त्या विसाव्याला शिव्या घालतो. कारण वीस पडले की खरा न्यायमूर्ती फाईल उघडतो. वीसच्या आत पडले की संपलं. खालच्या कोर्टानं सांगितलं ते कायम.

गजराक्कानं दळण घेतलं, डबा डोक्यावर ठेवला आणि कुणाकडं न बघता घरी आली. डबा खाली ठेवला. ती मागापुढच्या, पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. पट्टा गेला होता.

आता पट्टा म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. गजराबाई टकले घोंगड्या विणायची. नवरा गेल्यावर त्याचा माग तिनं हातात घेतला आणि तो आता गावातला शेवटचा माग होता. घोंगडी विणण्याआधी लोकरीच्या उभ्या धाग्यांचा ताणा मोकळ्यावर सरळ ताणावा लागतो. त्यावर चिंचोक्याची खळ कुंच्यानं ओढायची आणि उन्हात खडखडीत वाळू द्यायची. त्याला सलग सत्तर फूट जागा लागते, मधे झाड नको, भिंत नको. तशी जागा पांढरमाळात एकच उरली होती, टकल्यांच्या दोन घरांच्या मागची. कागदावर ती नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या वाटणीला होती. पण वाटणी झाली त्या दिवशी सासरा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पट्टा धाकल्याचा, ताणा थोरलीचा." ते कुणी कागदावर घेतलं नाही. घरच्या घरात कोण लिहून घेतं? मग सासरा गेला, दोघे भाऊ गेले, आणि मागं उरल्या दोघी जावा: थोरली गजरा आणि धाकली सिंधू.

सिंधूच्या सुहासला पट्ट्यावर गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं ठाणं काढायचं होतं. त्यावरनं कोर्ट झालं. गजराक्का तालुक्याला हरली, जिल्ह्याला हरली, पण मनाईहुकूम चालू होता म्हणून सहा वर्षं ताणा लागत राहिला. आता तोही उठला.

हरण्याचं तिला एवढं नव्हतं हो. हरणारी ती पहिली नव्हती. तिला लागलं होतं ते वेगळंच. तालुक्याच्या कोर्टात सिंधू पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली, आणि वकिलानं विचारल्यावर खाली मान घालून म्हणाली, "पट्ट्यावर ताणा लावलेला मी कधी पाहिला नाही." गजराक्का बाकावरनं उठली ती तडक बाहेर. एसटी स्टँडपर्यंत चालत गेली, मिळेल ती गाडी धरली. त्या दिवसापासून दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होत्या आणि सहा वर्षांत एकीनं दुसरीला हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला वकिलीणबाईंकडं गेली. निलोफर मुजावर वयानं तिच्या लेकीएवढी. वडिलांच्या जागेवर बसायची आणि गजराक्काला बघितलं की खुर्चीवरनं उठायची.

"मला एवढं सांग पोरी," गजराक्का म्हणाली, "हे सात जण कोण? कुठं राहत्यात?"

निलोफर हसली नाही. "आक्का, ते कुठंच राहत नाहीत. बसा, सांगते."

मग तिनं सांगितलं. उच्च न्यायालयात दुसरी अपिलं लाखांनी साचली होती आणि ती वाचायला माणसं होती मूठभर. तेव्हा दोन हजार सदतीस साली तिथं 'चाळणी' बसवली. ऐंशी वर्षांचे निकाल तिला वाचायला दिले, आणि त्यातनं तिनं हजार न्यायमूर्ती तयार केले. खरे नव्हेत, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एक कागदाशिवाय बोलत नाही. एकाला वहिवाट महत्त्वाची वाटते. एक वाक्य न वाक्य तपासतो, एक साक्षीदाराच्या आवाजाकडं लक्ष देतो. अपील आलं की त्या हजारांपुढं सगळं दप्तर ठेवायचं, खालच्या कोर्टातल्या साक्षींच्या ध्वनिफितींसकट. एकानं दुसऱ्याशी बोलायचं नाही. प्रत्येकानं आपापलं मत लिहायचं: यात बघण्यासारखं काही आहे की नाही? एक तासात हजार मतं तयार.

"आन् वीसच का?"

"जुनी अपिलं घालून पाहिली होती. वीसच्या आत मतं पडली तर खऱ्या खंडपीठानंसुद्धा निकाल फिरवलेला जवळजवळ सापडत नव्हता. म्हणून ठरलं, तेवढ्यासाठी न्यायमूर्तींना त्रास द्यायचा नाही."

"म्हंजे माझं गाऱ्हाणं कुणा माणसानं ऐकलंच न्हाई."

"नाही," निलोफर म्हणाली. ती पोर खोटं बोलत नसे, हा तिचा गुण. "पण एक करता येतं. त्या सातांनी काय लिहिलं ते मागवता येतं. बहुतेक लोक मागवत नाहीत, आकडा बघूनच गप्प बसतात. मी सकाळीच मागवलं."

तिनं पडदा गजराक्काकडं वळवला आणि मग एवढी बारीक अक्षरं तिला वाचता येणार नाहीत हे ध्यानात येऊन स्वतःच वाचायला लागली. सातही जणांनी एकाच जागेवर बोट ठेवलं होतं. प्रतिवादी सिंधू टकले यांची साक्ष, शेवटचं मिनिट.

"शेवटी काय? ती खोटं बोलली एवढंच की."

"तुम्ही होता तिथं?"

"मी उठून गेले."

निलोफरनं तिच्याकडं पाहिलं. "मी आत होते, पण माझं लक्ष पुढच्या प्रकरणाच्या कागदांत होतं. आक्का, ऐकाच."

कोर्टात काय होतं, साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात. साक्षीदार मान हलवतो, सही करतो आणि खाली उतरतो. तोवर टंकलेखकाचे हात थांबलेले असतात, न्यायाधीशांनी पुढची फाईल ओढलेली असते, वकील पिशव्या आवरत असतात. त्या वेळी कुणी काही बोललं तर ते कागदावर येत नाही. पण आताशा छतातला माईक मात्र चालू राहतो.

आधी पंख्याचा आवाज आला. मग पट्टेवाल्याचा, पुढचं नाव पुकारणारा. कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे ना? करा सही." आणि मग सिंधूचा आवाज, घाईचा.

"बरोबर न्हाई, सायेब. एक ऱ्हायलं. आक्का ताणा लावायच्या तवा दुसरं टोक मीच धरायचे. एकोणीस वर्सं धरलं. मामंजींनी त्यांनाच सांगितलं होतं, माझ्यासमोर. सायेब, हे लिवा की."

"बाई, साक्ष संपली. सही करा. चला, पुढचे."

"आवं पण..."

मग कागदाचा आवाज, आणि काही नाही.

गजराक्का पडद्याकडं सरकली. म्हणाली, "परत लाव."

निलोफरनं परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला लागली तेव्हा गजराक्कानं हात पुढं करून थांबवलं आणि पदरानं तोंड पुसलं. सहा वर्षं तिनं या बाईला उठता बसता शिव्या घातल्या होत्या, मनातल्या मनात, मागावर बसून, प्रत्येक धोट्याला एक. आणि ती बाई भर कोर्टात एकटी उभी राहून 'लिवा की' म्हणून विनवत होती. गजराक्काला स्वतःचीच लाज वाटली.

"मग बाकीच्या नवशे त्र्याण्णव जणांना ऐकू आलं न्हाई का हे?"

"आलं. पण साक्ष बंद झाल्यावरचं बोलणं दप्तरात 'नोंदीबाहेर' म्हणून पडतं, म्हणून त्यांनी त्याला वजन दिलं नाही. काहींनी लिहिलंय, जावेनं टोक धरलं म्हणजे ती परवानगी झाली, आणि परवानगीनं वापरलेल्या जागेवर हक्क होत नाही. आपल्या सातांनी उलट लिहिलं. जिच्या नावाची जागा तीच एकोणीस वर्षं राबत असेल, तर ती हक्क मान्यच करत होती." निलोफर पुढं वाकली. "तीस दिवसांत एकदा फेरनजर मागता येते. एकदाच. दप्तरातली एक जागा दाखवायची, मग हजारही जण ती जागा समोर ठेवून पुन्हा वाचतात. ही जागा दाखवली तर वीस सहज ओलांडतील, आक्का. मला तर शंभर दिसताहेत."

"मग दाखव."

"एक अडचण आहे." निलोफरनं पेन खाली ठेवलं. "एकाच साक्षीत त्यांनी आधी 'पाहिलं नाही' म्हटलं आणि मग 'टोक धरलं' म्हटलं. ती जागा अधिकृत दाखवली की यंत्रणा आपोआप विसंगत शपथेची नोंद करते. सिंधूताईंना नोटीस जाईल. खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो. शिक्षासुद्धा."

"तुरुंग?"

"होऊ शकतो."

गजराक्का उठली. "बघते," म्हणाली. निलोफरनं फेरनजरेचा अर्ज तयार करून तिच्या फोनवर टाकून दिला. खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही, आणि एकावर अंगठा ठेवायचा.

ते तीस दिवस फार वाईट गेले. पट्टा मिळाला तर सिंधू जाते, सिंधूला राखलं तर पट्टा जातो आणि माग बंद पडतो. यात तिसरं काही नव्हतं. गजराक्का रोज पट्ट्यावर जायची आणि शेवटच्या ताण्याला खळ पाजायची. दुसरं टोक आता एका लाकडी खुंट्याला बांधलेलं असायचं. खुंटा ओढ धरतो, पण मधे कुठं सैल पडलंय ते सांगत नाही.

विसाव्या दिवशी सुहास ठाण्याची आखणी करायला चुन्याची पिशवी घेऊन आला. चौतीस वर्षांचा बाप्या, पण तिला बघून जागच्या जागी उभा राहिला.

"मोठी आई, मी नंतर येतो."

"ये की. तुझीच जागा हाय."

"तुमचा ताणा उतरू दे. मला घाई नाही." त्यानं पिशवी खाली ठेवली, परत उचलली. हा लहानपणी सिंधूनं मारलं की भिंतीवरनं उडी टाकून हिच्याकडं यायचा आणि घोंगडीखाली लपायचा. "शेवटची कितवी ही?"

"शेवटची म्हंजे शेवटची. तिला कितवी काय?"

 सुहास चुना न टाकताच गेला.

त्या संध्याकाळी गजराक्कानं मनाशी ठरवलं: नाही. मग तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. पण ठरलं ते ठरलं. आणि मग तिला वाटलं, नाही तर नाही, पण सिंधूला कळायला पाहिजे. तिनं जे कोर्टाला सांगितलं ते वाया गेलं नाही, एवढं तरी.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी ती सिंधूच्या दारात गेली. सिंधू सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. जावेला बघून तिच्या मांडीवरचं सूप सांडलं.

"आक्का?"

"आत ये म्हणशील का इथनंच जाऊ?"

"या की. आवं, या." सिंधूनं पटकन पोतं झाडलं, टाकलं, परत झाडलं. "पाणी देऊ?"

"पाणी नको. मी ऐकलं, सिंधे."

"काय?"

"कोर्टातलं. तू सही करताना बोललीस ते. 'हे लिवा की' म्हणालीस ते."

सिंधूचे हात थांबले. "ते कसं ऐकलं तुमी? ते कुणी लिवलंच न्हाई. मी घरी येऊन दोन दीस जेवले न्हाई आक्का. मला वाटलं, आपण बोललो ते वाऱ्यावर गेलं."

"वाऱ्यावर न्हाई गेलं. हजार जणांनी ऐकलं. सातांना पटलं."

आणि मग गजराक्कानं सगळं सांगितलं. चाळणी, नोंदीबाहेर, फेरनजर, नोटीस. सांगताना फोन काढून अर्जसुद्धा दाखवला, आणि म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस. मी न्हाई म्हणून दाबणार हाय. तुला कळावं म्हणून आले."

"का न्हाई?"

"येडी हायस का? तुला आत घालतील."

"घालू देत."

"सिंधे!"

"घालू देत म्हणते मी." सिंधू तरातरा उठली आणि परत खाली बसली. "म्हंजे कुणीतरी विचारील तरी, बाई, आधी खोटं का बोललीस म्हणून. सहा वर्सं झाली, कुणी विचारलं न्हाई. वकिलानं न्हाई, सुहासनं न्हाई. आन् तुमी तर न्हाईच न्हाई."

 खरंच गजराक्कानं विचारलं नव्हतं. एकदा ऐकून उठून गेली होती आणि परत वळून बघायचं नाकारलं होतं. कोर्टाला नावं ठेवताना तिला हे कधी सुचलं नव्हतं.

"मी विचारते," ती म्हणाली. "का बोललीस?"

सिंधूनं नाक ओढलं. "पुण्याची नोकरी गेली तवा सुहास घरी आला. चार महिनं भिंतीकडं तोंड करून झोपायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, न्हाईतर न्हाई. मला भ्या वाटायचं, आक्का, परसात गेला तरी मागनं जायचे. पट्ट्याचं निघालं तसं ते पोरगं पहिल्यांदा बोलायला लागलं. नकाशे काढायला लागलं. मग वकील म्हणाला, एवढं एकच वाक्य म्हणा." ती थांबली. "तुमच्याकडं येऊन मागायची लाज वाटली. म्हणून खोटं बोलले. आन् बोलल्यावर त्याच्यापरीस जास्त लाज वाटली."

"मागितलं असतंस तर दिला असता गं पट्टा," गजराक्का म्हणाली, आणि तिला रडू आलं. "सुहासला काय मी दुसऱ्याचा समजते? माग घातला असता चुलीत."

"म्हणून तर मागितला न्हाई!" सिंधू ओरडली. तीही रडत होती. "मला ठाऊक होतं, तुमी देणार. मग तुमी काय केलं असतं? बसला असता रिकामे हात घेऊन? आन् मी रोज बघितलं असतं?"

"मग आता दे की त्याला. मी न्हाई दाबते. सुटलं."

"व्हय दाबा."

"न्हाई दाबणार."

"दाबा म्हणते ना! सुहास बांधील दुसरीकडं. आता सावरलाय तो. मागल्या आठवड्यात पट्ट्यावरनं आला तर चुन्याची पिशवी कोपऱ्यात फेकून दिली. माझ्याशी बोलला न्हाई. त्यालाबी नको झालंय ते."

गजराक्कानं फोन पदराखाली घेतला. सिंधूनं तिचं मनगट पकडलं. आता या दोघी, एक सहासष्ट, एक एकसष्ट, सोप्यात शेंगांच्या टरफलांवर बसून फोन ओढायला लागल्या. शेजारच्या कुणा बाईनं बघितलं असतं तर ती परत तंटा उठला म्हणून गावभर सांगत सुटली असती. पण सिंधूच्या हातात जोर होता. तिनं गजराक्काचा अंगठा धरला आणि 'हो'वर टेकवला.

फोन म्हणाला, "अंगठा ओळखता आला नाही."

पन्नास वर्षं खळ आणि लोकर. अंगठ्यावर रेषा राहिल्या होत्या कुठं?

"बघ," गजराक्का म्हणाली, "देवाला पण नको."

"गप बसा." सिंधूनं पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं, जावेचा अंगठा लहान पोराचं तोंड पुसावं तसा खसाखसा पुसला, आणि परत दाबला. नाही. आणखी पुसला, फुंकर घातली, परत दाबला. गजराक्का हात सोडवून घेत होती, पण आता तेवढं मनापासून नाही.

"फेरनजरेची विनंती स्वीकारली," फोन म्हणाला.

सिंधूनं अंगठा सोडला. सिंधूच्या कपाळावर घाम आला होता.

"काय केलंस हे, भवाने," गजराक्का म्हणाली. "आता तुला आत घातलं तर डबा कोण आणणार? मलाच आणायला लागणार. आन् माझ्या हातचं कालवण तुला कधी गिळवत न्हाई."

"खाईन," सिंधू म्हणाली.